दुसरा परीक्षक

"आता तुम्ही परीक्षक," म्हणत सरांनी सहा जणांपुढे एकाच जुन्या उत्तरपत्रिकेच्या सहा झेरॉक्स ठेवल्या. नाव खोडलेलं होतं. सोबत निकषांचा कागद: मुद्दे, मांडणी, उदाहरणं, निष्कर्ष. "पेपर कसा तपासतात हे ज्याला कळेल, त्याचा पेपर मी पुन्हा बघेन."

सहाही जण नापास होते. शेवटच्या बाकावरच्या मुलीला अडतीस पडले होते, लागत होते चाळीस. वर्ष गेलं तर शिक्षण बंद, असं बाबांनी सांगून ठेवलं होतं. बाबा फार बोलत नसत, पण बोललेलं विसरतही नसत. तिने जीव ओतून तपासलं. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण लिहिणाऱ्याला विषय कळला होता. तिने पेन्सिलीने सेहेचाळीस लिहिले.

"किती?" सरांनी पहिल्या बाकाला विचारलं.

"पंचेचाळीस."

सरांच्या कपाळाला आठी पडली.

"अठ्ठेचाळीस, सर."

सरांनी चष्मा काढला. तिसऱ्याने आणि चौथ्यानेही पासच केलं. पाचव्याने साठ दिले. स्वतःला एकवीस पडलेल्या माणसाचं मन मोठं असतं. सर खाली बसले.

तीन वर्षांत ती एकच गोष्ट पक्की शिकली होती: सरांना काय हवंय ते चेहऱ्यावरून ओळखायचं. तिने खोडरबर फिरवलं.

"पस्तीस."

सरांनी मान वर केली. "का?"

"उदाहरणं सगळी पुस्तकातली. आणि निष्कर्षच नाही."

निष्कर्ष होता. चांगला पानभर होता.

"मी चौतीस दिले होते," सर हळूच म्हणाले. "एक तू जास्तच दिलास."

बाकीच्यांना त्यांनी घरी पाठवलं. मग तिचा पेपर काढला आणि न उघडताच वरच्या अडतीसचे चाळीस केले. 

"नऊ वर्षं हा पेपर वर्गात वाटतोय," सर म्हणाले. "सगळे पासच करतात त्याला. निकालाच्या दिवशी हा पेपर लिहिणाऱ्या पोराने जीव दिला. त्याची आई दर वर्षी येते, आणि पोरगं कुठे कमी पडलं एवढंच विचारते. मला सांगता येत नाही."

 सरांनी चाळीस केलेला तिचा पेपर तिच्यापुढे सरकवला.

"बाहेर बाकावर बसल्यात त्याच्या आई. तुला कळलंय, तूच समजावून सांग."