नावानिशी

लेकीचं ऑपरेशन झालं होतं, पण ती अजून शुद्धीवर आली नव्हती. बापाने हौसेने ठेवलेलं तिचं जगावेगळं नाव आजवर कुणालाच धड घेता आलं नव्हतं. त्यामुळे आतून कुणी कुठलंही नाव पुकारलं, की तो बाकावरून ताडकन उठून दाराशी धावायचा. दर वेळी बोलावणं दुसऱ्याच कुणाचं तरी असायचं. मग तो परत येऊन बसायचा. बसायचा कसला, नुसता टेकायचा.

तेवढ्यात सिस्टर बाहेर आली आणि तिने लेकीचं नाव अगदी बिनचूक घेतलं.

बाप उठता उठता थबकला. "सकाळी तर तुम्हाला जमत नव्हतं. कुणी शिकवलं?"

सिस्टर हसली. "तिनेच. डोळे उघडल्याबरोबर आधी माझी चूक सुधारली, मग पाणी मागितलं."