मलाही आहे

मोठ्या जावेच्या रक्ताच्या तपासणीत संधिवात निघाला आणि घरात तिची सरबराई सुरू झाली. सकाळी तिची बोटं आखडतात म्हणून चहा हातात, भांडी बंद, कपडे पिळणं बंद. धाकटीचीही बोटं तशीच सुजायची, सकाळी साधा नळ सोडता यायचा नाही. पण मेला तिचा रिपोर्ट निगेटिव्ह आला! "तुला काही झालेलं नाही, मोठीचं बघून दुखतंय," सासूबाईंनी निकाल देऊन टाकला आणि मोठीच्या वाटणीची भांडीही धाकटीच्याच गळ्यात पडली. मोठी गरम पाण्यात हात बुडवून निवांत बसली की हिचा नुसता जळफळाट व्हायचा. तिच्या बोटांचं दुखणं घरात कोणालाच दिसलं नाही. पोटातलं मात्र सगळ्यांना दिसलं.

अशी दुखण्यात दीड वर्षं काढल्यावर शेवटी हट्टाने ती मोठ्या दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी एकेक सांधा दाबून पाहिला, हातांची सोनोग्राफी केली आणि म्हणाले, "हा संधिवातच आहे. काहींच्या रक्तात तो दिसत नाही. औषधं आजच सुरू करू."

बाहेर बाकावर बसून तिने नवऱ्याला फोन लावला. "अहो, आहे! मलाही आहे! आईंना सांगा, आणि वहिनींना तर आधी सांगा!" फोन ठेवला आणि तिला रडूच कोसळलं.

शेजारच्या आजींनी कौतुकाने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "अगं वेडे, एवढ्या गोड बातमीला रडतेस काय? कितवा महिना?"



"एकोणिसावा, आजी."