एक नोंद कमी

"ताई, एक नोंद कमी पडतेय," केतकी म्हणाली. वधू-वर सूचक केंद्राची जुनी माहिती नव्या कॉम्प्युटरवर चढवायला ती दोन दिवस इथे बसली होती. "एकूण नोंदी दोन हजार चारशे बारा. अपेक्षा लिहिलेल्या आणि तो रकाना कोरा सोडलेल्या, दोन्ही याद्या मिळवल्या तर एक कमी भरते."

निघायच्या तयारीतल्या कुमुदताई पर्समध्ये घराची किल्ली चाचपत होत्या. "मग ती एक जाईल कुठे?"

"ती नल असणार. कोरं म्हणजे आपण विचारलं, समोरच्याने काही सांगितलं नाही. नल म्हणजे कुणी विचारलंच नाही. अशी नोंद कुठल्याच यादीत येत नाही. तिला मुद्दाम शोधावं लागतं."

केतकीने शोधली. नोंद क्रमांक एक. कुमुद आठल्ये, वय एकतीस, पदवीधर.

कुमुदताईंना आठवलं. केंद्रात पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा शिकवणाऱ्याने सरावापुरतं त्यांचंच नाव भरून घेतलं होतं. तेवढ्यात कुणीतरी मुलीची पत्रिका घेऊन दारात उभं राहिलं. मग सत्तावीस वर्षं कुणी ना कुणी येतच राहिलं.

"सरावाचीच ना? काढून टाकते," म्हणत केतकीने वर पाहिलं आणि तिचं बोट थांबलं. "की विचारू? ताई, तुमच्या अपेक्षा काय?"

हाताला लागलेली किल्ली कुमुदताईंनी टेबलावर ठेवली.

"लिही," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी घरी गेल्यावर दार आतून उघडणारं कुणीतरी असावं."