पैलवानाची वही

आमचा पैलवान म्हणजे तेरा वर्षांचा पग जातीचा कुत्रा. चार पावलं चालला की धापा टाकतो. तो झोपल्यावर मिनिटाला किती श्वास घेतो ते रोज मोजून लिहा, तिसाच्या वर गेले की लगेच कळवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आठवडाभर मी मोजले. मग अंदाजानेच आकडे ठोकायला लागले. सव्वीस, सत्तावीस, सव्वीस.

"इथे घाबरून सगळेच धापा टाकतात, ताई. माझी भिस्त तुमच्या वहीवर," डॉक्टर आज म्हणाले. "औषध आहे तेवढंच ठेवू."

"बरं," मी म्हणाले.

परतताना तो मांडीवर झोपला. घड्याळ लावून मोजले. चव्वेचाळीस.

वही उघडली आणि पहिला विचार आला तो हा, की कालच्या सत्तावीसखाली चव्वेचाळीस कसे दिसतील.