चमच्याला न घाबरणारे

प्रयोग फसला. नाही, तसं काही झालेलं नाही. मी फक्त पुन्हा एकदा चमचा बुडवून बघते.

तीन वर्षांचा अनुभव साधा होता. पाण्यात चमचा बुडवला की साध्या पाण्याच्या टाकीतले बेडूकमासे जीव घेऊन पळायचे आणि तणनाशकाच्या टाकीतले नुसते बघत बसायचे. आज साध्या टाकीतलेही चमच्याजवळ आले. एक तर त्यात बसला.

“ओळख झाली असेल, मॅडम,” प्रयोगशाळेचे शिपाई बारकूकाका म्हणाले.

“काका, पाणी कुठलं भरलंत?”

“नेहमीचंच, आपल्या विहिरीचं. काठ कसा चकाचक झालाय बघा! कॉलेज तपासायला समिती येतेय ना, शनिवारी सगळ्या गवतावर तणाचं औषध मारलं. उद्या दुसरा हात.”

टाकीतल्यांची हजारभर भावंडं अजून त्याच विहिरीत होती. बेडूकमाशांमधलं ताणाचं हार्मोन मोजायचं यंत्र समोरच होतं. त्यावर मी माझं मोजलं नाही. यंत्र महाग आहे.

प्राचार्यांना लगेच अर्ज लिहिला: ‘तरी समितीने आपली भेट विहिरीतल्या सर्व बेडूकमाशांना पाय फुटेपर्यंत पुढे ढकलावी, ही नम्र विनंती.’