चौथी काच

पादचारी पुलाच्या खांबाला गेलेल्या तड्यावर बोटभर काचेची पट्टी चिकटवलेली होती. तडा रुंदावला की काच तुटते. तुटली की पूल बंद करायचा, असा नियम. गेल्या पावसाळ्यापासून तीन काचा तुटल्या. दरवेळी राखणदाराने गुपचूप नवी बसवली आणि वहीत लिहिलं, ‘काच शाबूत’. पलीकडे त्याची आई अंथरुणाला खिळलेली, घर सोडायला तयार नव्हती. तिचा डबा तोच न्यायचा. आज नदी फुगली आणि चौथी काच तुटली. आईचा फोन आला. “निघालास का रे? पोटात कावळे ओरडतायत.” मागे त्याने अडवलेल्या शाळेच्या बाई मुलांची रांग घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “काका, सोडा ना! तुम्ही डबा घेऊन जाणार, आम्ही काय पोहत जाऊ?” मुलं हसली. त्याने डबा खाली ठेवला, साखळी ओढली. फोन कानालाच होता. “पूल बंद. मलासुद्धा, आई.”