तेरावी आरती

दुसऱ्या दिवशी लालबागच्या आमच्या घरी गणपती बसणार होते, आणि आरती माझ्या दिवंगत यजमानांच्याच आवाजात व्हायला हवी होती. त्यांनी म्हटलेल्या बारा आरत्या क्लाउडवर अडकून पडल्या होत्या.

"लॅपटॉपच्या लिनक्सवर आरत्या उतरवायच्या त्या अ‍ॅपची नवीच आवृत्ती बसव. जुनी मला चालणार नाही," मी नातीला, अक्षदाला, बजावले.

"आजी, उतरल्या गं!" ती आनंदाने ओरडली. "पण तेरा आहेत. तेरावी आजची आहे, आणि अजून वाढतेय."

आम्ही ती लावली. तीत माझे बजावणे होते, अक्षदाचे ओरडणे होते, आणि मध्येच यजमानांचे ते ओळखीचे खाकरणे.

मला हर्ष आवरेना. "अहो, ऐकताय ना?" मी विचारले.

क्षणभराने लॅपटॉपमधून माझाच प्रश्न आला आणि पाठोपाठ त्यांचे उत्तर.

"ऐकतोय. अक्षदाला जरा बाजूला सरकायला सांग. मला दिसत नाही."